कमी मागणाऱ्याचे हाल

कोल्हापुरात माणसानं कर्ज काढून बुलेट घेतली, तर गल्ली पेढे मागायला येते. पण तोच माणूस "आता मला काही नको, आहे ते पुष्कळ आहे" म्हणाला, की शेजारच्या काकू त्याच्या बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारतात, "भाऊजींचं बरं हाय नव्हं?"

मी तसं म्हणालो, एवढाच माझा गुन्हा. हिमालयात जायचं नव्हतं की भगवं नेसायचं नव्हतं. कपाट मिटेना, तर नवे शर्ट नकोत. फोन लागतोय तोवर बदलायचा नाही. आणि भूक असेल तेवढंच जेवायचं. यातलं शेवटचं कलम सासुरवाडीत पहिल्याच रविवारी आडवं झालं.

आमच्याकडं रविवार म्हणजे मटण. आधी पांढरा रस्सा येतो. नारळाचं दूध, तीळ, खसखस, मटणाचं अळणी पाणी, असा सगळा सौम्य मामला. वाटी निम्मी होते न होते तोच तांबडा. मी वाटीवर हात आडवा धरला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी भरलेलं वगराळं हाताच्या वर नुसतं धरून ठेवलं. तवंगाचा एक थेंब मनगटावर पडला, चांगलाच चटका बसला, मी हात काढला आणि वाटी भरली. "घ्या की ओ जावईबापू, पातळच हाय!"

इथं रस्सा जेवणात धरत नाहीत. भाकरी मोजतात, फोडी मोजतात. रस्सा म्हणजे पाणीच. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभारलेल्या गावात दुसऱ्या वाटीला चितपट होणारा जावई कुणाला आवडणार? मेव्हण्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "दाजी, खरं सांगा. शुगर निघाली काय?" आजाराशिवाय माणूस कमी खातो, हे आमच्याकडं अजून सिद्ध व्हायचंय. हो म्हणालो असतो तर सुटलो असतो, पण मग दुसऱ्या दिवसापासून गल्लीभरातून कारल्याचा रस यायला लागला असता.

चपलेचीही तीच गत. माझ्या जुन्या जोडाचा अंगठा तुटला म्हणून तो शिवून घ्यायला चप्पल लाइनीत गेलो. बाभळीच्या साली आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेलं. असला जोड इतक्यात फेकायचा कशाला? दुकानदारानं चप्पल उलटीपालटी करून पाहिली, मग मला पाहिलं. "दादा, 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ह्या चपलेला. 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं असलीच चप्पल घालून मॉडेल फिरवली, केवढा दंगा झाला! आणि तुम्ही अंगठा शिवताय?" मी म्हणालो, शिवतोय. त्यानं शिवून दिला, पण पैसे घेताना असा काही उसासा टाकला, की मलाच त्याच्या पोराबाळांची काळजी वाटली.

खरं तर समाधानी माणूस शोधायला कोल्हापूरएवढं सोयीचं गाव नाही. 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणणाऱ्याला आमचा डौलच दिसतो. पण ज्याला आपलंच जगात भारी वाटतं, तो आणखी मागणार काय? आमच्या मित्राला पुण्यात दुप्पट पगार मिळत होता. "रंकाळ्यावर संध्याकाळी कोण बसणार?" एवढं विचारून त्यानं विषय संपवला. गंगावेशीत म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायचं, ओठावरची मिशी पुसायची आणि घरी झोपायला जायचं, यात हाव कुठं आहे? हाव आहे ती ईर्षेची. कमी मागायला आमची हरकत नाही, कमी दिसायला आहे.

हे मला तालमीतल्या पोरांनी पटवून दिलं. माझ्या साधेपणाची बातमी तिथं पोचली. दुसऱ्या पेठेत असला एकही माणूस नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग काय! चौकात दहा बाय पंधराचा डिजिटल बोर्ड. मध्यभागी गॉगल लावलेला मी (गॉगल त्यांनीच कॉम्प्युटरवर चढवलेला), खाली तेवीस शुभेच्छुक, आणि वर लाल अक्षरांत: 'साध्या राहणीचा एकच वाघ!'

वर्गणी मागायला पहिल्यांदा माझ्याच दारात आले. "भावा, नाव तुझंच हाय, आकडा जरा शोभंल असा टाक."