बेकारीची पूर्वतयारी

नोकरी काय, कोणाचीही जाते. त्यात काही कौशल्य नाही. एचआरच्या मॅडम केबिनमध्ये बोलावतात, पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात, ‘मार्केट डाऊन आहे’ म्हणतात आणि दहा मिनिटांत तुम्ही बेकार होता. पण सरकारमान्य बेकार होणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिथं हौशी लोकांचं काम नाही. त्याची तयारी किमान दोन वर्षं आधी सुरू करावी लागते, आणि आपली माणसं नेमकी इथंच कमी पडतात. पोरगं रांगायला लागायच्या आत त्याला इंजिनिअर करायचं की डॉक्टर हे ठरवतील, पण स्वतःच्या बेकारीचं नियोजन शून्य!

तुमच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी) म्हणून पाऊण टक्का कापला जातो ना, आणि मालक आपले सव्वातीन टक्के भरतो (निदान भरतो असं आपण समजतो), त्यातूनच नोकरी गेल्यावर काही काळ भत्ता देणारी एक योजना चालते. तिचं नाव अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. नाव एका दमात घेता आलं तर अर्धी लढाई जिंकलात.

पहिली तयारी पगाराची. ईएसआयसीची मर्यादा 2017 साली महिना 21,000 रुपयांवर आखली गेली. तेव्हा साहेबांनी खूश होऊन तुमचा पगार बावीस हजार केला, तर हात जोडून नको म्हणा. चालू सहामाही संपेपर्यंत तुम्ही विम्यात राहाल, पण पुढच्या सहामाहीपासून बाहेर. बाहेर पडलात की सरकारच्या लेखी तुम्ही सुस्थितीतले. सुस्थितीतल्या माणसाची नोकरी गेली तर त्याने योगासनं करावीत.

दुसरी तयारी मुहूर्ताची. ईएसआयसीचं वर्ष दोन सहामाहींत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमची दोन वर्षं विम्यातली नोकरी झालेली हवी. शिवाय नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत आणखी 78. तेव्हा नोकरीवरून काढताहेत असा वास आला की आधी कॅलेंडर काढा. मधल्या काळात डेंगी झाला असेल, बायकोचं बाळंतपण आलं असेल, बिनपगारी रजा पडली असेल, तर दिवस मोजून घ्या. कमी भरत असतील तर सरळ मॅनेजरकडे जा आणि सांगा, ‘साहेब, मला काढायला माझी काहीच हरकत नाही, फक्त अजून अकरा दिवस थांबा.’ साहेब माणूस असेल तर समजून घेईल.

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी या बाजूच्या पोरांना हे सांगताना मात्र थोडं अवघडायला होतं. तिथं ठेकेदाराकडं सात महिने काम आणि मग ‘ब्रेक’ असा रिवाज आहे. ब्रेक म्हणजे गावी जाऊन बसायचं आणि फोनची वाट बघायची. फोन आलाच तर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, दुसऱ्या गेटमधून, त्याच लाइनवर, त्याच मशिनवर. दोन वर्षांचा हिशोब या पोराने कुठून जुळवायचा? पण नियमाची बाजूही समजून घ्या. बेकारीभत्ता देण्याआधी माणूस नोकरीत किती टिकाऊ आहे हे बघायला नको? ज्याची नोकरी दर सात महिन्यांनी जाते त्याला कसला आलाय आधार, त्याला तर सवय झालेली असते.

आता कारणाकडे वळू. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल, तुम्ही निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर भत्ता नाही. ठीक आहे, तुम्ही यातलं काहीच केलेलं नाही. पण मघाच्या त्या केबिनमध्ये पाण्याच्या ग्लासाबरोबर एक कोरा कागदही होता, आठवतंय? ‘राजीनामा लिहून द्या, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय, एक्सपिरियन्स लेटर स्वच्छ मिळेल.’ तुम्ही लिहिलंत. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्दसुद्धा मॅडमनीच सांगितले. मग महिन्याची वर्गणी भरताना कंपनीचा क्लार्क तुमच्या नावापुढे शून्य दिवस टाकतो. शून्य टाकलं की संगणक कारण विचारतो. यादीत रजा, निवृत्ती, संप-टाळेबंदी, कपात, काम नाही अशी बरीच कारणं आहेत, पण ‘नोकरी सोडली’ हे वरच्या बाजूलाच आहे आणि क्लार्कला साडेपाचची बस पकडायची असते. झालं. कपात तुमची झाली, पण नोकरी मात्र तुम्हीच सोडलीत. पुढे काउंटरवर हा पाठ निमूटपणे ऐकून घ्यायचा.

आणि हे बरंच सुधारलेलं रूप आहे बरं का! 1 जुलै 2018 ला योजना आली तेव्हा मूळ नियम असा होता की दावा शेवटच्या मालकामार्फत पुढे जायचा, तोही स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. म्हणजे ज्याने काल गेटपास काढून घेतला त्याच्याच केबिनबाहेर आज बसायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, मी बेकार आहे याला जरा दुजोरा देता का?’ नोकरी जाऊन 90 दिवस होईपर्यंत अर्जच करता येत नव्हता, आणि मिळायचा तो सरासरी मजुरीचा चौथा हिस्सा. कोरोनाने लाखो लोकांना एकदम घरी बसवलं तेव्हा 2020 साली कुठं यातला विनोद कोणाच्या तरी लक्षात आला. मग चौथ्या हिश्श्याऐवजी अर्धा हिस्सा झाला, अर्जासाठी थांबायच्या 90 दिवसांचे 30 झाले, मालकाची मध्यस्थी गेली, शपथपत्रही गेलं. तरी एक गोष्ट विसरू नका. ही योजना स्वतःच टेंपररी आहे. दोन वर्षांच्या बोलीवर कामाला लागली आणि तेव्हापासून ठेकेदाराच्या पोरासारखी मुदतवाढीवर दिवस काढतेय. तेव्हा अर्ज भरायच्या आधी योजना अजून कामावर आहे ना, एवढं विचारून घ्या.

नावाची तयारी जन्माच्या वेळीच करायला हवी होती, पण ते आता हातात नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर तुमचं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर, आणि कंपनीच्या रेकॉर्डला सुपरवायझरने कानाने ऐकून लिहिलेलं काहीतरी. सुनीलमधला ‘नी’ इंग्रजीत एका ‘आय’ने लिहायचा की दोन ‘ई’ने, हा आपल्या घरात कधी चर्चेचा विषय नव्हता. ईएसआयसीच्या पोर्टलसाठी ते दोन वेगळे इसम आहेत, आणि दोघांपैकी एकच बेकार आहे. बायकांची तर दुप्पट मजा. नोकरीला लागली माहेरच्या नावाने, आधार बदललं सासरी आल्यावर, आणि बँकेचं पासबुक अजून माहेरचंच. भगिनींनो, बेकारीची शक्यता वाटत असेल तर लग्न जरा पुढे ढकला.

एवढं करून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात गेलात तर थेट आत शिरू नका. आधी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं जा. खरं कार्यालय तेच. टपरीवजा दुकान, दारात लॅमिनेशनच्या मशिनचा वास, एक प्लास्टिकची खुर्ची जिचा एक पाय सिमेंटच्या तुकड्यावर, आणि काउंटरवर बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र, जे तो दर गिऱ्हाइकागणिक शर्टाच्या टोकाला पुसतो. तुमचा अंगठा उमटत नाही. बरोबर आहे, दहा वर्षं प्रेसवर काम केल्यावर अंगठ्यावर रेषा राहतात कुठं? तो तुमचा अंगठा स्वतःच्या हातात धरून काचेवर दाबतो, थोडा फिरवतो, पुन्हा दाबतो, आणि आत काय होणार ते तिथंच सांगून टाकतो. ‘पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घ्या, ते कॅन्सल चेक मागणार. चेक दिला तर त्यावर नाव छापलेलं नाही म्हणणार. दोन्ही घेऊन जा. आणि अकराच्या आत जा, नंतर सर्व्हर झोपतो.’ हे ज्ञान कुठल्याही परिपत्रकात नाही. त्याचे जे काय पन्नास-शंभर होतील ते घासाघीस न करता द्या.

आत गेल्यावर संयम. ‘तुमचा अर्ज वर गेलाय’ असं कळलं तर ‘वर’ म्हणजे कुठं, हे विचारायचं नसतं.

हे चालू असताना जगायचं कशावर, असा बावळट प्रश्न काही जण विचारतात. अहो, पीएफ आहे की! तुमचेच पैसे, तुमच्याच पगारातून कापलेले. नोकरी गेली म्हणून ते काढायला कंपनीने तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरलेली असावी लागते. नसेल भरली, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटल्यावर ती तुम्हाला स्वतःला भरता येते, म्हणजे दोन महिने हवेवर काढायचे. मग ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. तेव्हा बेकारीत दूध निम्मं करा, पोरांच्या शिकवण्या बंद करा, पण मोबाइलचा रिचार्ज चुकवू नका. नंबर बंद पडला की तुम्ही नुसते बेकार राहत नाही, बेपत्ता होता.

पीएफच्या 1952 च्या योजनेत एक कलम मात्र वाचण्यासारखं आहे. पुरेशा कारणाशिवाय दावा 20 दिवसांत निकाली काढला नाही, तर पुढच्या विलंबाला आयुक्त जबाबदार. रकमेवर वर्षाला 12 टक्के दंडव्याज लागू शकतं, आणि ते आयुक्तांच्या पगारातून कापता येतं! वाचून कसं गार वाटतं ना? फक्त दावा ‘सर्व दृष्टीने परिपूर्ण’ असायला हवा. आता तुमच्या पासबुकाचा फोटो जरा अंधुक आहे, वडिलांचं नाव एका अक्षराने चुकलंय, जन्मतारखेत महिना आणि दिवसाने जागा बदलल्यात. दावा नामंजूर झाला की 20 दिवस पुन्हा पहिल्यापासून. आयुक्तांचा पगार सुखरूप राहतो, हे बघून बरं वाटतं. कोणाचा तरी पगार चालू हवा.

आणि एक दिवस फोन वाजतो, पैसे जमा. महिना 21,000 धरून अर्ध्या मजुरीने 90 दिवसांचे होतात साडेएकतीस हजार. तोवर उधारी चाळीसवर गेलेली असते, पण सरकारने उधारी कर म्हणून सांगितलं नव्हतं. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो हेही ध्यानात घ्या. म्हणून पहिल्याच बेकारीत उधळून टाकू नका. बेकारी नीट पारखून घ्या, हिच्यापेक्षा मोठी पुढे येणार आहे का याचा अंदाज बांधा, मगच अर्ज करा.

पुढची नोकरी लागेल तेव्हा जुना विमा क्रमांक खिशात घेऊन जा आणि तोच लावा म्हणून हट्ट धरा, नाहीतर तुमची दोन वर्षं पुन्हा शून्यापासून. तिथला एचआरवाला कंटाळून म्हणेल, ‘जुना कुठं शोधत बसता, नवीन काढून देतो, पाच मिनिटांत होतो.’