पालीची पोटओळख

भिंतीवर पाल दिसली की घरातल्या बाकीच्यांना एकच प्रश्न पडतो: झाडू कुठंय? मला पडतो तो वेगळाच. ही फ्रेनॅटस की फ्लेविविरिडिस?

या घरपालींच्या दोन जाती, दोघी हेमिडॅक्टिलसच्या गोतातल्या. या गोतात दीडशेहून जास्त जाती, आणि ट्यूबलाइटखाली सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. रंगावर तर जाऊच नये. दिवसा मळकट करडी असलेली पाल रात्री फिकी पडते.

जाणकार म्हणतात, शेपूट बघा. फ्रेनॅटसच्या शेपटीवर बारीक काट्यांची वळी असतात. फ्लेविविरिडिस अंगानं थोराड, पाठ गुळगुळीत, पोट पिवळसर. ठीक. टॉर्च घेऊन स्टुलावर चढावं, तर बाईंची शेपूट आधीच कुणाच्या तरी झाडूपुढे टाकून झालेली! नवी फुटते, पण काटेबिटे नसलेली, सपाट. पुरावा नष्ट.

मग उरतं पोट. त्यासाठी पाल खिडकीच्या काचेवर हवी, आणि आपण काचेच्या पलीकडे. किड्यांसाठी ती बाहेरून काचेला चिकटली की आतून सगळं उघडं पडतं: बोटांखालच्या दुभंगलेल्या पट्ट्या, आणि नर असेल तर मांड्यांवरची छिद्रं. फ्रेनॅटसच्या नराची रांग या मांडीपासून त्या मांडीपर्यंत सलग, तिसेक छिद्रांची. फ्लेविविरिडिसच्या नराची प्रत्येक मांडीवर ५ ते ७, मधे मोकळी जागा. म्हणजे रात्री भिंग लावून परक्या नराच्या मांड्या मोजत उभं राहायचं. समोरच्या खिडकीतल्यांना वाटतं, हा माणूस आपल्याच घरात टक लावून बघतोय. त्यांचा पडदा हल्ली लवकर ओढला जातो.

मादी निघाली तर छिद्रांचा प्रश्नच मिटला. पोटाच्या पातळ कातडीतून कधी दोन पांढरी अंडी दिसतात, तेवढ्यावर समाधान मानायचं.

खरखरीत पाठीच्या ठिपकेवाल्यांच्या वाटेला मी जात नाही. पूर्वी त्या सरसकट ब्रूकाय म्हणून खपायच्या. मग तज्ज्ञांनी जनुकं तपासली आणि एकीच्या अनेक झाल्या. माझ्याकडे भिंग आहे, प्रयोगशाळा नाही.

"अहो, लागला का पत्ता?" आतून आवाज येतो.

"फ्रेनॅटस! नर!"

"मग त्या नराला म्हणावं, कणकेच्या डब्यामागे याची बायको बसलीय. दोघंही निघा."

बायको कशावरून? छिद्रं बघितलीस का? विचारायचं ओठांवर आलं होतं, पण झाडू तिच्या हातात होता.