फरसबीला वारा

नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि आमच्याकडे एअर फ्रायर आला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की आमच्याकडे पथ्य होत नाही, वस्तू येते. मागे पोट सुटलं तेव्हा व्यायामाची सायकल आली होती. तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात.

मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत ओट्याच्या एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला सिंक आणि मधे पोळपाटापुरती जागा. त्या जागेवर आता हे काळं धूड बसलं आणि पोळ्या लाटणं वॉशिंग मशीनच्या झाकणावर गेलं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, यंत्राच्या मागे आणि बाजूंना दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना एवढी मिळत नाही. प्लग जाड पिनांचा. तसा सॉकेट मोकळा एकच, तोही वॉशिंग मशीनचा. म्हणजे एक तर कपडे धुवा, नाही तर फरसबी कुरकुरीत करा.

फरसबी मी दादरला घेते. घाटकोपरला बसायला जागा मिळते आणि मुलुंड येईपर्यंत पाव किलोच्या शिरा काढून होतात. लेडीज डब्यात कुणी भाजी निवडायला काढली की शेजारणीचा हात आपोआप पिशवीत येतो आणि हाताबरोबर सल्लाही येतो.

"एअर फ्रायरमध्ये? मग तांदळाचं पीठ लाव हं थोडं."

"पण आधी तेलाचा हात लाव गं. कोरडं पीठ उडतं सगळं."

"मीठ शेवटी. आधी घातलंस तर पाणी सुटेल."

"कढईत तळ की सरळ!" हे खिडकीजवळच्या डोंबिवलीच्या काकूंचं. "दोन चमचे तेलानं कोणी मरत नाही."

गंमत म्हणजे चौघींचंही बरोबर होतं. काकूंचं जरा जास्तच.

कारण नावात फ्रायर असलं तरी ह्या यंत्रात तळण असं काही होत नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, आणि आत गरम वारा गरागरा फिरतो. छोटा ओव्हनच तो. कडकडीत तापलेलं तेल पदार्थाला चहूबाजूंनी भिडून झटक्यात उष्णता देतं, तसं हवेला जमत नाही. तिला आधी वरचं पाणी उडवावं लागतं. साल ओली आहे तोवर ती शंभर अंशांच्या आसपासच घुटमळते, आणि खमंग तपकिरी रंग यायला १४०च्या वर तरी जायला हवं. त्यात फरसबी म्हणजे नव्वद टक्के पाणी. पाव किलोतलं सव्वादोनशे ग्रॅम पाणीच मी भाजीच्या भावानं दादरहून आणलं होतं, आणि आता वीज जाळून ते घालवायचं होतं.

तेव्हा पहिला नियम, धुतलेली फरसबी ठणठणीत कोरडी करा. मला वाटतं, फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर मांडला तेव्हा जुलैतली मुंबई कुणाच्या डोळ्यांसमोर नसावी. इथे हवेतच ऐंशी टक्क्यांच्या वर ओल. सायकलवरचा टॉवेल काढून फरसबी पुसली, तर टॉवेल कोरडा झाला आणि फरसबी होती त्याहून ओली. शेवटी हॉलमध्ये पंख्याखाली वर्तमानपत्र अंथरून एकेक शेंग मांडली. पण पंख्याखालची ती जागा मुलाच्या युनिफॉर्मची. पावसाळ्यात आमच्याकडे तिथे नंबर लागतो.

"आई, उद्या पीटी आहे. माझी पॅंट आधी."

"अरे दहा मिनिटं थांब."

"भाजीला पंखा आणि मला ओली पॅंट?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅंट खुर्चीच्या पाठीवर गेली, फरसबी वाळली. मग चमचाभर तेल चोळलं, वर तांदळाचं पीठ, जरासं बेसन, तिखट, हिंग. बास्केटमध्ये एका थरात पसरा, गर्दी नको, नाही तर शेंगा एकमेकींच्या वाफेवर शिजतात, असं पुस्तिका म्हणते. संध्याकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं बसून आलेल्या बाईला हे सांगायचं! पण ऐकलं. पाव किलोचे थोडे थोडे घाणे केले, १९० अंशांवर बारा मिनिटं, मधे एकदा बास्केट बाहेर ओढून खडखडवायची.

एक बारकी शेंग वाऱ्यानं उडून वरच्या जाळीत अडकली आणि तिचा कोळसा झाला. वास जिन्यापर्यंत गेला. शेजारच्या वहिनी दार वाजवून "काही करपलं का हो?" असं अत्यंत आनंदानं विचारून गेल्या.

बाकीच्या मात्र सुरेख झाल्या. सालीवर बारीक फोड आलेले, टोकं काळसर, मधे मधे पिठाचा सोनेरी खरवडा. वरून मीठ भुरभुरलं आणि एक दाताखाली मोडली तर खरंच कुर्रर्र वाजलं. सासूबाईंनी चष्मा लावून बास्केटमध्ये पाहिलं.

"ह्या काय, वाती केल्यास?"

"खाऊन तर बघा."

त्यांनी एक खाल्ली, मग न बोलता तीन. "भाजी कधी करणारेस?" एवढंच म्हणाल्या.

पण ह्या कुरकुरीतपणाचं आयुष्य फार थोडं. बाहेरची ओल आणि शेंगेच्या पोटात उरलेलं पाणी दोन्हीकडून सालीवर चालून येतात. ओट्याशी उभं राहून खाल त्या कुरकुरीत, ताटात वाढाल त्या मऊ. मुलगा आणि मी उभ्यानंच पहिल्या घाण्याचा फडशा पाडला. नवरा घरातल्या एकुलत्या एक कोलेस्टेरॉलचा मालक, पण तो ठाण्याहून यायचा होता. तो आल्यावर हातपाय धुऊन, बातम्या लावून, रीतसर पाटावर बसेपर्यंत उरलेल्या शेंगा डब्यात पार लुळ्या पडलेल्या.

सासूबाईंनी मला बाजूला सारलं. कढई चढवली, पळीभर तेल, थांबून आणखी अर्धी पळी, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या. शेंगांचे तुकडे त्यात परतले, गुळाचा खडा टाकला आणि मूठभर ओलं खोबरं.

नवऱ्यानं नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हात धुऊन आला आणि मेहुण्याला फोन लावला.

"अरे, तूही एअर फ्रायर घेऊन टाक. आत्ताच फरसबी खाल्ली, काय भाजी होते म्हणून सांगू! आणि तेलाचा थेंब लागत नाही."