ओटीपीचे अवयव

ओटीपी आला की शहाणा माणूस तो टाकतो आणि मोकळा होतो. मला तो आधी भागून बघावा लागतो.

परवा बिल भरताना आला 274274. शेजारी सेकंद उलटे पळत होते, पण असा आकडा कुणी नुसता टाकून देतं का? तीन अंकांचा तोच गट दोनदा, म्हणजे 1001 चा भाग जाणारच. आणि 1001 म्हणजे 7 गुणिले 11 गुणिले 13. उरले 274, म्हणजे 2 गुणिले 137. सगळे अवयव हाती आले तरी वेळ शिल्लक होता. तिथेच घात झाला.

अंकांची बेरीज 26. तिने भाग जातो, भागाकार 10549. अशा संख्यांना हर्षद हे नाव दिलं दत्तात्रय कापरेकरांनी, देवळालीच्या शाळेत मास्तरकी करता करता. मग हॅपी आहे का, तेही बघणं आलं. अंकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, तिच्या अंकांचे पुन्हा वर्ग, आणि शेवटी 1 यायला हवा. आले 138, 74, 65, 61, 37, 58, 89. एकदा 89 आला की आशा सोडावी, पुढे गोल गोल फिरणंच आहे. म्हणजे हर्षद, पण हॅपी नाही. घरोघरी असं एखादं माणूस असतंच. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, लिहिली तर तीत नऊ एकं येतात. एकं विषम असली की संख्या ओडियस, सम असली की ईव्हिल. ही गणितज्ञांचीच नावं. शून्यापासून पुढे एकही पूर्ण संख्या यातून सुटत नाही.

तोवर मुदत संपली. नवा आला 510511.

"अहो, आला का?"

"आला गं, पण मूळ आहे की काय कळेना!"

कळणार कसं? 510510 हा पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार. त्यात एक मिळवला की 2 पासून 17 पर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येने भागा, बाकी 1. वर्गमूळ 715 च्या आत, तिथवर मूळ संख्या 127. सात बाद झाल्या, उरल्या 120. देव पावला आणि पुढच्याच 19 चा भाग गेला. उरले 26869. तेही फोडायचं होतं, पण सेकंद संपत आले.

2 च्या 67 व्या घातातून 1 वजा केलेली संख्या मूळ आहे असं 1644 साली मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं. 1876 मध्ये लुकाने ते खोडलं, पण अवयव दाखवले नाहीत. ते दाखवले फ्रँक कोलने, 1903 साली. 193707721 गुणिले 761838257287! पण त्याच्या डोक्यावर उलटं घड्याळ नव्हतं.

हे सगळं मी बायकोला सांगत होतो. तिने फोन ओढून घेतला, आकडे टाकले, बिल भरलं.

पावती क्रमांक बारा आकडी निघाला. शेवटी 5 होता, त्यामुळे मूळ नसल्याचा निकाल जागीच लागला. बाकीचे अवयव जेवणानंतर काढीन म्हटलं.