'सो व्हॉट'मध्ये कॉर्डच नाहीत? खुलासा
जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट' या रचनेत (१९५९) कॉर्डच (एकदम वाजणारे स्वरसमूह) नाहीत, वादक मनाला येईल ते वाजवतात, असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे.

रचना ३२ बारची (बार म्हणजे तालाचा छोटा, ठरावीक मापाचा भाग) आहे: १६ बार डी डोरियन, म्हणजे डी हा सा धरून डोरियन स्वरमाला (स्वर आपल्या काफी थाटाचेच), ८ बार तीच स्वरमाला अर्धा स्वर वर, ई फ्लॅटवर, आणि शेवटचे ८ पुन्हा डीवर. प्रत्येक सोलो (एकेका वादकाचं उत्स्फूर्त वादन) याच आवर्तनात फिरतो. मोकळीक आहे, पण १७व्या बारला सगळ्यांनी एकदम सरकायचं असतं.

आणि कॉर्ड? सुरुवातीला बेस (खर्जातलं तंतुवाद्य) धून वाजवतो, तेव्हा बिल इव्हान्सचा पियानो काय उत्तर देतो ते कान देऊन ऐका. ई-ए-डी-जी-बी हे पाच स्वर एकदम, लगेच तीच मांडणी एक पूर्ण स्वर खाली. शेजारच्या स्वरांत खालून तीनदा सा-म एवढं अंतर, वर एकदा सा-ग. त्या मोकळ्या, किंचित अधांतरी नादाचं रहस्य हेच. या मांडणीला जॅझवाले आजही 'सो व्हॉट कॉर्ड' म्हणतात.