रुंदीकरणात सायकलवाल्याची जागा

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेले काही दिवस एकाच विषयावर वाद चालू आहे. पूर्व भागातील जुन्या चाळी आणि वाडे एकेक करून पाडून नव्याने बांधले जात आहेत. त्यानिमित्ताने रस्ते रुंद होणारच असतील, तर त्यांत सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा मागावा की नाही, हा तो विषय. रोजच्या येण्याजाण्याचा प्रश्न असल्यामुळे ती चर्चा येथे मांडत आहे.

टॉवेलचा छोटा कारखाना चालवणाऱ्या आमच्या मालकांचा या कल्पनेला ठाम विरोध आहे. "पुण्याकडे बघा," ते म्हणाले. "केंद्राच्या निधीतून बीआरटीच्या, म्हणजे जलद बससाठी राखीव मार्गिका असलेल्या, रस्त्यांकडेला सायकल मार्ग केले. आज त्यांवर कुठे दुचाक्या उभ्या आहेत, कुठे हातगाड्या. सायकलींचे शहर म्हणून ज्याचे नाव होते त्याला जे टिकवता आले नाही, ते आपल्या अरुंद पेठांत कसे टिकणार? आणि माझा टेम्पो दारात उभा राहिला नाही, तर माल भरायचा कुठे?"

अण्णांनी आयुष्याची उमेदीची वर्षे मिलमध्ये काढली आहेत. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाल्यापासून हे शहर भोंग्यावर चालत आले आणि पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई, असे ते सांगतात. तेव्हा वेगळा मार्ग लागत नव्हता, कारण रस्त्यावर बहुसंख्य सायकलवालेच होते आणि बाकीची वाहने त्यांच्या बेताने चालत. मिल बंद पडल्या, पण कामगार यंत्रमागावर गेला, आणि त्यातले कितीतरी जण आजही सायकलवरच कामाला जातात.

अण्णांचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकल मार्ग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळी व्यायाम करणारी मंडळी येतात. त्यांनीही जरूर सायकल चालवावी. परंतु अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे कामाला निघालेला, कॅरिअरला ट्यूबच्या रबराने डबा बांधलेला माणूस आपल्या हिशेबात येत नाही. तो रस्त्याच्या अगदी कडेने जातो, आणि खरा धोका तिथेच असतो. डांबराचे थरावर थर चढल्यामुळे चेंबरचे झाकण खड्ड्यात गेलेले असते. पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या असतात, म्हणजे सायकलचे चाक नेमके फटीत अडकावे अशी व्यवस्था. ते चुकवायला तो हातभर आत सरकला, की मागून ट्रकचा हॉर्न. जाळी आडवी बसवायला फारसा खर्च येत नाही, आणि स्वतंत्र मार्ग होईपर्यंत एवढे तरी झालेच पाहिजे.

वकीलसाहेबांनी चर्चेला वेगळी दिशा दिली. जुनी इमारत पाडून नवी बांधताना विकास आराखड्यातील रुंदीकरणाची पट्टी महापालिकेकडे द्यावी लागते आणि तिच्या बदल्यात मालकाला जादा चटई क्षेत्र (म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. अडचण अशी की सगळ्या इमारती एकाच वेळी पडत नाहीत. एक वाडा आज मागे सरकतो, शेजारचा दहा वर्षांनी. मधल्या काळात त्या तुकड्या-तुकड्यांच्या जागेत गाड्या लागतात, टपऱ्या येतात, आणि रस्ता पूर्ण रुंद होईपर्यंत ती वहिवाट पक्की झालेली असते. म्हणून पदपथ किती, सायकलचा पट्टा किती, माल उतरवण्याची जागा कुठे, हा संपूर्ण रस्त्याचा छेद पहिली इमारत पडण्याआधीच ठरला पाहिजे. पदपथाला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक आहे. सायकलचा पट्टा मागताना पादचाऱ्याची ही जागा कापली जाऊ नये, हेही त्यांनी बजावले.

कट्ट्यावरच्या सरांनी शहराबाहेरच्या कुंभारीची आठवण करून दिली. तिथल्या रे नगर गृहप्रकल्पातील 30 हजारांपैकी 15 हजार घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांना मिळाली. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमाग कामगार यांना हक्काचे घर मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण घर शहराबाहेर आणि काम पुष्कळदा शहरात, असे झाले की रोजचा रिक्षाखर्च वाढतो. त्यामुळे सायकल मार्ग आखायचाच असेल तर तो अक्कलकोट रोडने पूर्व भागापासून एमआयडीसीपर्यंत आणि पुढे कुंभारीपर्यंत सलग असावा, असे सरांचे म्हणणे आहे आणि मी त्याच्याशी पूर्णपणे सहमत आहे. चौकात येऊन संपणारा मार्ग कोणीही वापरणार नाही, कारण अपघाताची भीती चौकातच जास्त असते.

मालक यावर थोडे नरमले. मुख्य रस्त्याला त्यांची आता हरकत नाही. पेठेतल्या आतल्या रस्त्यांवर मात्र वेगळा पट्टा न आखता वाहनांचा वेग कमी करावा आणि टेम्पोला माल भरण्यासाठी दुपारची ठराविक वेळ राखून ठेवावी, अशी त्यांची अट आहे. ती रास्त आहे. कारखाने चालले नाहीत, तर सायकलवर कामाला जाणार कोण?

मागणी मांडायची कुठे, यावर शेवटी बोलणे झाले. क्षेत्रसभेची तरतूद राज्याने 2009 मध्येच महापालिका कायद्यात केली आहे. मतदारांनी एकत्र बसून प्रभागातील कामे सुचवावीत, हाच तिचा हेतू. आमच्या भागात अशी सभा बोलावावी, असे पत्र वकीलसाहेब तयार करत आहेत. त्यात जाळ्या आडव्या बसवणे, रस्त्याचा छेद आधी जाहीर करणे आणि चाळीतल्या जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देणे, अशा तीन मागण्या असतील. तिसरी मागणी याच पत्रात असावी की स्वतंत्र द्यावी, यावर अण्णा आणि मालक यांचे अजून एकमत झालेले नाही.