मेंदूला करंट लावला की गोळ्या बंद? नाही!

गेल्या आठवड्यात आमच्या शुभंकरांच्या (मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या) ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला: "सिझोफ्रेनिया दहा सिटिंगमध्ये मुळापासून बरा! डोक्याला मशीन लावतात, त्रास शून्य, परदेशात सिद्ध. गोळ्यांची गरजच नाही." माझ्या धाकट्या भावाला बाविसाव्या वर्षापासून आवाज ऐकू येतात. मेसेज वाचून तो म्हणाला, "ताई, मग मी रात्रीची गोळी कशाला घेतो?" म्हणून हे लिहितेय.

"परदेशात सिद्ध." प्रयोग झालेत, हे खरं. २००० साली अमेरिकेत राल्फ हॉफमन यांनी १२ रुग्णांच्या डाव्या कानामागच्या भागावर चुंबकीय लहरी सोडल्या, तेव्हा आवाजांचे भास कमी झाले. मोठी आशा वाटली. पण २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ६२ जणांवर अशीच चाचणी झाली आणि भास खऱ्या मशीनने जेवढे कमी झाले, तेवढेच खोट्यानेही झाले. खोटं मशीन म्हणजे काय, ते समजून घ्या. उदाहरणार्थ टीडीसीएस, म्हणजे चुंबकाऐवजी डोक्याला सौम्य करंट देण्याचा दुसरा उपचार. त्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्याला पट्ट्याने बांधतात. खोट्या उपचारात करंट जेमतेम अर्धा मिनिट देऊन बंद करतात. त्वचेला मुंग्या येतात, त्यामुळे रुग्णाला वाटतं उपचार सुरू आहे. रोज कुणीतरी आपुलकीने समोर बसतं, चौकशी करतं, त्यानेही माणूस सुधारतो. ही सुधारणा वजा केल्याशिवाय मशीनचं श्रेय मशीनला देता येत नाही. जर्मनीतल्या तीन विद्यापीठ रुग्णालयांनी २०१५ मध्ये हेच तपासलं. निरुत्साह, अबोलपणा अशा लक्षणांसाठी ७६ जणांना खरा आणि ८१ जणांना खोटा चुंबकीय उपचार तीन आठवडे दिला. फरक दिसला नाही.

सगळंच निराशाजनक नाही. ब्राझीलमध्ये २०२० साली १०० रुग्णांवर टीडीसीएसची चाचणी झाली. निरुत्साह, अबोलपणा अशाच लक्षणांत ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा खऱ्या करंटच्या गटात ४० टक्के जणांत दिसली, खोट्याच्या गटात फक्त ४ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही टीडीसीएसवर बरीच वर्षं काम चाललंय. म्हणून मी या उपचाराला थोतांड म्हणणार नाही.

"मुळापासून बरा." फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या २०१२ च्या टीडीसीएस चाचणीत भास सरासरी ३१ टक्क्यांनी उतरले. ज्याला दिवसभर कुणीतरी शिव्या घालतंय, त्याच्यासाठी हे थोडंथोडकं नाही. पण याला आजार बरा होणं म्हणत नाहीत.

"गोळ्यांची गरजच नाही." सगळ्यात घातक वाक्य हेच. ल्यों, जर्मनी, ब्राझील, तिन्हीकडे रुग्णांची औषधं चालूच होती. आमच्याच ग्रुपमधल्या एका आईने असाच मेसेज वाचून मुलाच्या गोळ्या थांबवल्या. दीड महिन्यात त्याला पुन्हा भरती करावं लागलं. आता ती स्वतःला दोष देत बसलीय. दोष तिचा नाही हो.

"त्रास शून्य." टीडीसीएसचा करंट दोन मिलीअँपिअरचा, शॉक ट्रीटमेंटच्या तुलनेत नगण्य. डोकं दुखतं, त्वचा लाल होते. चुंबकीय उपचारात क्वचित फिट येते आणि डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल तर तो चालत नाही. घरी ऑनलाइन मशीन मागवून तर मुळीच करू नका.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. गुरुवारी ओपीडी आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही वहीत लिहून नेतो. पहिला त्याने स्वतःच लिहिलाय: "माझ्या आवाजांसाठी हे करून बघता येईल का, गोळी चालू ठेवून?"